दूधसागरची फाइल परत टेबलावर येण्याआधी: राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीला खुलं पत्र

स्थायी समितीच्या सर्व सदस्यांना नमस्कार.

मी बेळगावचा, आणि सरळ मुद्द्यावर येतो. कर्नाटकातलं कॅसल रॉक ते गोव्यातलं कुळे या घाटात रेल्वेचा दुसरा ट्रॅक टाकायला तुमच्या समितीने दिलेली मंजुरी सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये रद्द केली. आमच्याकडे तेव्हा खूप लोकांना वाटलं की चला, सुटलो. पण त्याच निकालात कोर्टाने एक वाट मोकळी ठेवलीय, की रेल्वेने जंगलावर आणि जीवसृष्टीवर काय परिणाम होणार याचा नीट तपशीलवार अभ्यास करावा आणि मग नवीन प्रस्ताव घेऊन तुमच्याकडे यावं. म्हणजे ही फाइल कधीही परत तुमच्याच टेबलावर येऊ शकते. माझं मागणं एवढंच आहे, की ती आली की निर्णय घ्यायच्या आधी तुम्ही स्वतः हा घाट पावसाळ्यात चालून बघा, नकाशावर नाही, सॅटेलाइट फोटोवर नाही, पायाने. आणि बघून झाल्यावर दुसऱ्या ट्रॅकला ‘नाही’ म्हणा.

दूधसागरचा फोटो तुम्ही सगळ्यांनी बघितलेला असणार. चार टप्प्यांत खाली येणारं ते ३१० मीटरचं पांढरं पाणी, आणि मधोमध पुलावरून जाणारी ट्रेन. तो फोटो इतका फिरलाय की लोकांना वाटतं धबधबा म्हणजे तेवढाच, ती फ्रेम. पण त्या फ्रेमच्या बाहेर जे आहे त्याच्यासाठी हे पत्र आहे. तिथे आजही गाडीरस्ता थेट जात नाही. पाऊस संपला की कुळ्याहून जीपा नदी ओलांडत ओलांडत पायथ्यापर्यंत जातात, आणि पावसाळ्यात तेही बंद, मग फक्त रेल्वे. आजूबाजूला भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान, दोन्ही मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटर. वर घाटमाथ्यावर कर्नाटकाचा काळी व्याघ्र प्रकल्प. उत्तरेला म्हादई अभयारण्य, दक्षिणेला नेत्रावळी. म्हणजे दूधसागर कुठल्यातरी जंगलाच्या कडेला नाहीये, तो बरोब्बर मध्ये आहे, आणि रेल्वेचा ट्रॅक या सगळ्याला आडवा छेदून जातो.

तो ट्रॅक पोर्तुगीजांच्या काळातला. १८८० च्या दशकात मुरगाव बंदरापासून कॅसल रॉकपर्यंत मीटर गेज टाकली, १९९० च्या दशकात तिची ब्रॉड गेज झाली. आमच्या घरातली जुनी माणसं त्या मीटर गेजच्या गाडीने गोव्याला जायची, नातेवाईक आहेत तिकडे, सणावाराला येणंजाणं असायचं, आणि दूधसागर आला की डब्यातली सगळी माणसं एका बाजूच्या खिडक्यांना गर्दी करायची हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्यामुळे रेल्वेशी माझं वैर नाही. ती लाइन आहे, ती राहू दे, तिच्यावर आमचं प्रेम आहे. प्रश्न दुसऱ्या लाइनचा आहे, तिच्यासाठी डोंगर परत कापायचा, नवीन बोगदे काढायचे, नवीन पूल उभे करायचे आणि ते सगळं या जंगलाच्या पोटात करायचं, याचा आहे.

आता बेडकांबद्दल सांगतो, आणि कृपा करून हा भाग वाचायचा सोडू नका, कारण वाघाबद्दल सगळेच बोलतात पण या घाटात सगळ्यात आधी मरणार आहेत ते बेडूक.

कॅसल रॉक या छोट्याशा स्टेशनच्या गावावरून एका बेडकाचं नाव ठेवलेलं आहे, कॅसल रॉक नाइट फ्रॉग. २००५ मध्ये इंद्रनील दास आणि कृष्णमेघ कुंटे यांनी तो जगासमोर आणला. म्हणजे ज्या घाटात आपण शंभर वर्षांहून जास्त काळ गाड्या पळवत होतो तिथला हा प्राणी विज्ञानाला माहीत व्हायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. हा रात्रीचा प्राणी. ओढ्यावर झुकलेल्या पानावर, नाहीतर ओल्या खडकावर त्याची अंडी असतात, खाली पाणी वाहत असतं, आणि पिल्लं तयार झाली की पानावरून टपकन खाली ओढ्यात पडतात. आता विचार करा याला काय काय लागतं. ओढा लागतो, ओढ्यावर झुकलेली झाडीझुडपं लागतात, सावली आणि गारवा लागतो, आणि खालचं पाणी स्वच्छ लागतं. यातली एक गोष्ट गेली तरी संपलं.

दुसरा त्याच ओढ्यांमधला, नाचरा बेडूक. अंगठ्यापेक्षा लहान. धबधब्याच्या आणि ओढ्याच्या आवाजात त्याचं ओरडणं मादीपर्यंत पोचत नाही म्हणून नर दगडावर बसतो आणि मागचा पाय लांब करून हलवतो, एकदा डावा, एकदा उजवा, बाकीच्या नरांना दम द्यायला पण तेच. पहिल्यांदा बघणारा माणूस तासभर हलत नाही तिथून. पण मला जे सांगायचंय ते पुढे आहे. या कुळातल्या ज्या जातींचा अभ्यास झालाय त्यात असं दिसलंय की मादी ओढ्याच्या तळातली वाळू-खडी मागच्या पायांनी उकरते, त्यात अंडी घालते आणि परत झाकून टाकते, आणि पिल्लं पण त्या खडीच्या आतच वाढतात, बाहेर दिसत सुद्धा नाहीत. त्यांचं अख्खं बालपण त्या दगडगोट्यांच्या फटीतून वाहणाऱ्या पाण्यावर अवलंबून.

घाटात कटिंग केली, बोगदा काढला की जो मुरूम, माती आणि दगडाचा भुगा निघतो तो कुठे जातो? कागदावर तो ट्रकने बाहेर नेणार असं लिहिलेलं असतं. पण या घाटात बऱ्याच ठिकाणी ट्रक जायलाच रस्ता नाही, म्हणजे आधी रस्ते करावे लागणार, जंगलातून, आणि त्यांचीही माती निघणार. जूनचा पहिला मोठा पाऊस आला की ती सगळी माती उतारावरून ओढ्यात येते. ओढा वरून लाल दिसतो, दोन दिवसांत परत स्वच्छ दिसायला लागतो, फोटोत काही कळत नाही. पण तळाच्या फटींमध्ये गाळ बसलेला असतो. त्या फटींत जे जगत होतं ते गुदमरून जातं, त्याचा आवाज येत नाही, ट्रॅकवर मेलेल्या गव्यासारखा त्याचा पंचनामा होत नाही. म्हणून मी म्हणतो, जो काही पर्यावरण अभ्यास तुमच्यासमोर येईल त्यात पहिलं पान हे शोधा की जून ते सप्टेंबर रात्री ओढ्यांमध्ये कोणी उतरलं होतं का. उन्हाळ्यात दिवसा चार दिवस फिरून केलेला रिपोर्ट या घाटाच्या बाबतीत कामाचा नाही, कारण उन्हाळ्यात निम्मी जीवसृष्टी जमिनीखाली, दगडाखाली नाहीतर पालापाचोळ्यात असते आणि तुम्हाला ती नाहीच असं वाटू शकतं.

गव्यांचं वेगळं. गवा गोव्याचा राज्यप्राणी आहे. या सेक्शनला गवे ट्रेनखाली येतात हे नवीन नाही, इकडच्या पेपरात बातम्या येतच असतात. कारण साधं आहे, ट्रॅक डोंगर कापून नेलाय, दोन्ही बाजूला उभ्या भिंती, एकदा जनावर कटिंगमध्ये शिरलं आणि समोरून इंजिन आलं की त्याला वर चढता येत नाही, मग ते ट्रॅकवरूनच पुढे पळत सुटतं. आज निदान गाड्या घाटात हळू चालतात आणि एका वेळी एकीकडूनच गाडी येते. दोन ट्रॅक झाले म्हणजे कटिंग आणखी रुंद, आणि एका गाडीपासून बाजूला झालेलं जनावर दुसऱ्या ट्रॅकवर दुसऱ्या गाडीपुढे.

आणि झाडावरचे प्राणी. शेकरू, लाजवंती (स्लेंडर लोरिस), हे जमिनीवर उतरायचं टाळतात, फांदीवरून फांदीवर जातात. आत्ताच्या एकेरी ट्रॅकवर काही ठिकाणी दोन्ही बाजूच्या झाडांच्या फांद्या वरती अजून एकमेकींना भिडतात, खालून गाडी जाते आणि वरून शेकरू. रुंदी वाढली की ते भिडणं संपलं. धनेश पक्ष्याला तर जुनी, पोकळ झालेली मोठी झाडंच लागतात, मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर महिनोन्महिने फळं आणून भरवतो. असं झाड शंभर वर्षांत तयार होतं. त्याच्या बदल्यात दुसरीकडे कुठेतरी रोपं लावली असं लिहून देणं हे धनेशाला काहीच देणं नाही, आणि हे तुमच्यापैकी ज्यांनी आयुष्य वन्यजीवांमध्ये काढलंय त्यांना मी सांगायची गरज नाही.

वाघाबद्दल थोडंच. जानेवारी २०२० मध्ये सत्तरी तालुक्यात गोळावली इथे, म्हादई अभयारण्यात, चार वाघ मेलेले सापडले. एक वाघीण आणि तिची पिल्लं. विषप्रयोगाने. तोपर्यंत गोव्यात वाघ नुसता ये-जा करतो, राहत नाही असं अधिकृतपणे बोललं जायचं, आणि तिथे तर अख्खं कुटुंब होतं. ज्या सत्तरीत दगडावर कोरलेल्या वाघ्रो देवाला लोक पिढ्यान्पिढ्या पूजतात तिथे हे झालं याचं दुःख अजून आहे. गुरं गेली की भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे, जंगलात राहणाऱ्या माणसाला विश्वास वाटला पाहिजे, हे सगळं खरंच आहे आणि त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. पण वाघ येतो कुठून? काळीच्या बाजूने, कर्नाटकातल्या भीमगड अभयारण्याच्या बाजूने, याच डोंगररांगेतून. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि लगतची क्षेत्रं व्याघ्र प्रकल्प म्हणून तीन महिन्यांत जाहीर करा असा आदेश राज्य सरकारला दिला, सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. त्या वादात कोण बरोबर हे मी इथे ठरवत नाही, मला माझं मत आहे, व्याघ्र प्रकल्प व्हायलाच पाहिजे. पण तो होवो की उशिरा होवो, ट्रॅक रुंद करून वाघाची वाट मध्येच तोडली तर पुढे जाहीर करायला उरणार काय?

आता रेल्वेची बाजू. ती मी ऐकून घेतलेली आहे. लाइन एकेरी, गाड्यांना क्रॉसिंगसाठी थांबावं लागतं, वेळ जातो, क्षमता वाढवायची आहे. बरोबर. आम्ही बेळगाव-खानापूर-लोंढ्याची माणसं, आम्हालाही गोव्याला जायला जास्त गाड्या हव्यात, खोटं कशाला बोलू. पण या घाटाचा चढ १:३७ आहे, म्हणजे दर ३७ मीटरला एक मीटर. जड गाडीला वर न्यायला कुळ्याहून जादा इंजिनं लावावी लागतात, उतरताना ब्रेक तपासत सावकाश यावं लागतं. दुसरा ट्रॅक टाकला म्हणून चढ कमी होत नाही. सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या केंद्रीय अधिकार समितीने, म्हणजे सीईसीने, एप्रिल २०२१ च्या रिपोर्टमध्ये हेच म्हटलं, की एवढं जंगल घालवून रेल्वेच्या एका अतिशय अकार्यक्षम सेक्शनची क्षमता जेमतेमच वाढणार आहे आणि या प्रोजेक्टला समर्थन सापडत नाही. हे कोणा आंदोलकाचं वाक्य नाही, कोर्टाच्या समितीचं म्हणणं आहे.

मग एवढा आटापिटा कशासाठी, तर गोव्यातले लोक पहिल्या दिवसापासून सांगतायत, कोळशासाठी. मुरगाव बंदरात बाहेरच्या देशातून कोळसा उतरतो आणि याच लाइनने बळ्ळारीकडच्या पोलाद कारखान्यांकडे जातो. नोव्हेंबर २०२० च्या सुरुवातीला दक्षिण गोव्यातल्या चांदर गावात दुसऱ्या ट्रॅकला विरोध म्हणून रात्रभर लोक रेल्वे ट्रॅकपाशी बसून राहिले, म्हाताऱ्या बायका, कॉलेजची पोरं, शेतकरी, मेणबत्त्या घेऊन, करोनाचे दिवस असताना. रेल्वे म्हणते प्रवाशांसाठी. तर मग नवीन प्रस्तावात हे आकड्यांसकट येऊ दे, या सेक्शनवरून आज रोज प्रवासी गाड्या किती, मालगाड्या किती, मालगाड्यांत काय भरलेलं असतं, आणि दुसरा ट्रॅक झाल्यावर यातलं काय किती वाढणार. हा प्रश्न समितीने विचारायला हवा, नाहीतर कोण विचारणार?

डोंगर पण काही कमी बोलत नाहीये. २३ जुलै २०२१ ला या घाटातल्या दूधसागर आणि सोनावळी या स्टेशनांच्या मध्ये दरड आली आणि मंगळूरहून मुंबईला निघालेली प्रवासी गाडी रुळावरून घसरली, नशिबाने माणसं वाचली. २०२३ च्या जुलैत कॅसल रॉक आणि करंझोळच्या मध्ये दरड, गाड्या बंद. ऑगस्ट २०२४ मध्ये सोनावळी-दूधसागरच्या मध्येच भरलेल्या मालगाडीचे डबे घसरले. हे सगळं एक ट्रॅक असताना. उतारावरची झाडं काढली, पायथा अजून कापला, सुरुंग लावले तर तो उतार पुढच्या पावसात काय करेल हे विचारायला इंजिनिअर असायची गरज नाही, पण भूगर्भशास्त्रज्ञाचं लेखी मत मात्र फाइलमध्ये असायला पाहिजे.

अजून एक, आणि हे गोव्यातल्या शहरातल्या माणसाने पण वाचावं. दूधसागरचं पाणी खाली उतरून खांडेपार नदीत जातं आणि खांडेपार पुढे मांडवीला मिळते. खांडेपारवर ओपाचा पाणीपुरवठा प्रकल्प आहे, पणजी आणि फोंड्याकडच्या नळांना तिथलं पाणी येतं. म्हणजे पावसाळ्यात आपण ज्याच्यासमोर उभं राहून व्हिडिओ काढतो तेच पाणी मार्च-एप्रिलमध्ये पणजीतल्या घरात चहाला असतं. पाऊस चार महिने पडतो पण नदी बारा महिने वाहते ती मधल्या जंगलामुळे, त्या पालापाचोळ्याने आणि मुळांनी पाणी धरून ठेवल्यामुळे. बेडकाचं कोणाला काही वाटत नसेल तर निदान याचं वाटू दे.

तुमच्या समितीबद्दलही बोलायला हवं, आदर ठेवूनच बोलतो. मोल्याच्या जंगलातून तीन प्रोजेक्ट आले, रेल्वेचा दुसरा ट्रॅक, अनमोड घाटातला चौपदरी हायवे आणि तमनारची ४०० केव्हीची वीजवाहिनी. तीन वेगवेगळ्या फाइली, तीन वेगवेगळे रिपोर्ट. एप्रिल २०२० पर्यंत तिन्हींना समितीची संमती मिळून गेली होती, त्यातलं शेवटचं काम तर लॉकडाऊनमध्ये, व्हिडिओ कॉन्फरन्सवर झालं, जेव्हा देशात कोणी घराबाहेर पडू शकत नव्हतं, जाऊन बघणं लांबच. जंगल एक आहे. शेकरूला आणि गव्याला माहीत नाही की हा रेल्वेचा पट्टा आहे आणि हा हायवेचा. तिन्ही कापांचा एकत्र परिणाम काय होणार याचा एक अभ्यास पाहिजे, तो कोणीतरी स्वतंत्र संस्थेने केलेला पाहिजे, प्रोजेक्टवाल्याने पैसे देऊन घाईत करून घेतलेला नको. मोलेसाठी गोव्यातल्या किती तरुण मुलामुलींनी, शास्त्रज्ञांनी, चित्रकारांनी, वकिलांनी तेव्हा रिपोर्टांतल्या चुका शोधून शोधून पत्रं लिहिली, ती पत्रं परत काढून वाचा, तुमचं निम्मं काम त्यांनी करून ठेवलंय.

आणि एवढं सगळं वाचून कोणी म्हणेल की मग करायचं तरी काय, सगळं अडवूनच ठेवायचं का, तर नाही. आहे त्या ट्रॅकवर करण्यासारखं खूप आहे आणि ते उद्यापासून करता येईल. जिथे गवे नेहमी ओलांडतात त्या जागा रेल्वेच्या गँगमनना आणि वनखात्याच्या गार्डना तोंडपाठ आहेत, तिथे रात्री वेग आणखी कमी करा, कटिंगच्या भिंतींना मध्ये मध्ये जनावराला चढून जाता येईल असे उतार काढून द्या, जुन्या मोऱ्या साफ ठेवा म्हणजे लहान प्राणी खालून जातील, शेकरूसाठी दोरांचे पूल बांधा, ते काही महागडं काम नाही. पावसाळ्यात ट्रॅकवरून चालत येणाऱ्या पर्यटकांच्या झुंडी रेल्वे आणि पोलीस थांबवतात, ते चांगलंच आहे, पण त्याबरोबर कुळ्याच्या जीपवाल्यांचं, गाइडचं पोट कसं चालेल हेही बघा, कारण हे जंगल टिकलं तर त्यांचं घर चालतं आणि जंगलावर पहिली नजर पण त्यांचीच असते.

तर माझी विनंती. प्रस्ताव आला तर जुलैमध्ये या. कुळ्याला उतरा, रेल्वेची परवानगी तुम्हाला मिळेल, आम्हाला मिळत नाही. बरोबर बेडकांवर काम करणारा एखादा अभ्यासक घ्या आणि एक रात्र सोनावळीच्या आसपासच्या ओढ्यात टॉर्च घेऊन उभे राहा. दुसऱ्या दिवशी वर करंझोळपर्यंत चालत जा आणि दुसरा ट्रॅक नेमका कुठून जाणार आहे ते जागेवर दाखवायला सांगा, कुठल्या झाडांवर खुणा आहेत, मुरूम कुठे टाकणार, मजुरांच्या छावण्या कुठे लागणार, त्यांच्या चुलीला लाकूड कुठून येणार. मग कुळ्यातच, लोकांसमोर बसून बोला. आणि बैठकीत जे ठरेल ते, कोण काय म्हणालं त्यासकट, कोकणी, मराठी आणि कन्नडमध्ये छापून कुळे, मोले, कॅसल रॉक आणि लोंढ्याच्या पंचायतींना पाठवा, महिन्याच्या आत.

आपला,
बेळगावचा एक नागरिक, या घाटात बेडूक आणि पक्षी बघत फिरणारा